हार्डवेअर सिंथ की सॉफ्टवेअर? आधी ठरवा, ते गाणं परत उघडायचंय का

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातला एक कीबोर्डवादक सीझनला ऑर्केस्ट्रा आणि मंडळांचे कार्यक्रम वाजवतो, उरलेल्या दिवसांत घरी भक्तिगीतांचे ट्रॅक करतो. जवळ भारतीय टोनचा जुना कीबोर्ड आहे, आय-फाइव्ह लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी. हातात ६० हजार आहेत. सॉफ्टवेअरचा आवाज पातळ येतो असं सगळे म्हणतात, तर एखादा खरा ॲनालॉग सिंथ घ्यावा का?

नको. निदान पहिली खरेदी ती नको.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे स्टेजवरच्या कुठल्याही कीबोर्डला सिंथेसायझर म्हणतात. ढोलकी, शहनाई, सतार, स्ट्रिंग्ज, पियानो असं सगळं देणारा तुमचा कीबोर्ड मुळात सॅम्पल वाजवतो. रेकॉर्ड केलेले आवाज मेमरीत असतात आणि त्यांच्यावर फिल्टर (काही फ्रिक्वेन्सी कापणारा), एन्व्हलप (स्वर कसा उठतो आणि विरतो ते ठरवणारा) आणि इफेक्ट चढवलेले असतात. कॉर्गच्या १९८८ च्या एम-१ने ही पद्धत रूढ केली. तुम्ही ज्याला खरा सिंथ म्हणताय, उदाहरणार्थ कॉर्ग मिनीलॉग, त्यात ढोलकी नाही, शहनाई नाही, सतार नाही. लहर तयार करणारे ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप, आवाज संथपणे हलवणारा एक एलएफओ, थोडा डिले, संपलं. पहिल्याच तालमीला गायक म्हणेल, ‘जरा बासरी लाव की,’ आणि तुम्ही नॉब फिरवत बसाल. त्या यंत्राचा दोष नाही, ते बासरीसाठी बनवलेलंच नाही.

आता ‘पातळ आवाजा’कडे येऊ. ही तक्रार खरी असते, पण कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतं. पहिलं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे केबल. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ केबल काढतात आणि तिचं दुसरं टोक मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घालतात. ते इनपुट प्लगची टिप (टोक) आणि रिंग (मधलं कडं) यांच्यातला फरक घेतं. म्हणजे लेफ्टमधून राईट वजा होतो आणि दोन्हींत जे सारखं असतं ते एकमेकांना मारतं. बास जातो, मधला गाभा जातो, उरते ती कडेची रिव्हर्बची फुंकर. याला पातळ नाही म्हणणार तर काय. ओळखायची खूण सोपी आहे: सॉफ्टवेअरमध्ये आवाज पूर्ण लेफ्टला पॅन करा. अचानक भरदार झाला, तर घोटाळा केबलचाच. एका स्टिरिओ टोकातून दोन मोनो टोकं निघणारी केबल घ्या आणि ती दोन वेगळ्या चॅनेलांत लावा. नाहीतर मधे डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी.

दुसरं कारण स्टिरिओ. प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, बनवणारे हेडफोनवर बनवतात. युनिसनच्या, म्हणजे एकाच स्वराच्या किंचित वेगळ्या सुरातल्या, सात लहरी दोन्ही बाजूंना पसरवलेल्या असतात, वर कोरस असतो. मांडवातला साऊंड बहुधा मोनो असतो. तिथे हे पसरलेलं सगळं एकत्र झालं की काही फ्रिक्वेन्सी गळतात. स्टेजसाठी वेगळा पॅच, म्हणजे आवाजाची वेगळी मांडणी, सेव्ह करा: युनिसन २ किंवा ३, स्टिरिओ स्प्रेड शून्य, कोरस बंद, रिव्हर्ब साऊंडवाल्यावर सोडा. तिसरं कारण तुलनेतली लबाडी. दोन आवाजांपैकी एक १ डेसिबलने मोठा असला तरी तोच कानाला ‘भारी’ वाटतो. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर ताडून बघायचं असेल तर आधी मीटरवर दोन्हींची पातळी जुळवा, मग डोळे मिटून ऐका.

सॉफ्टवेअरचा स्वतःचा म्हणावा असा एक दोष मात्र आहे, अलायसिंग. ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचा कुठलाही ओव्हरटोन (मूळ स्वराबरोबर निघणारा वरचा स्वर) मावत नाही, तो आरशासारखा उलटून खाली येतो आणि स्वराशी नातं नसलेली किणकिण होऊन बसतो. वरच्या सप्तकात सॉ (करवतीच्या दात्यांसारखी) लहर, जोरदार एफएम (एका लहरीने दुसरीची फ्रिक्वेन्सी हलवणं) किंवा डिस्टॉर्शन लावलं की ऐकू येतं. चांगल्या प्लगइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर सिंथमध्ये, ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशोब वाढीव सॅम्पल रेटवर करणं) २ पट, ४ पट करता येतं. प्रोसेसरवर ताण वाढतो, किणकिण जाते. यानंतरही उरतो तो फरक आहे, नाही असं नाही. खऱ्या ॲनालॉग फिल्टरला आतूनच जरा जास्त पातळी देऊन रेझोनन्स (कापायच्या जागेवरचा उठाव) वाढवला की तो ज्या पद्धतीने घुरघुरतो, ते एकट्यात ऐकताना कळतं. खाली हलगी-घुमकं आणि कैताळ वाजत असताना तो फरक ओळखणारा श्रोता मांडवात सापडणं कठीण.

मग निवड कशावर करायची? ते काम परत उघडावं लागणार आहे का, यावर. भक्तिगीताचा ट्रॅक पाठवला, तीन आठवड्यांनी गायकाचा निरोप: काळी एक पट्टी चढते, पांढरी एकमध्ये करून द्या. ट्रॅक सॉफ्टवेअरवर असेल तर मिडी (कोणता स्वर कधी दाबला याची नोंद) अर्धा स्वर खाली घ्यायची, ढोलकी-तबल्याचे ट्रॅक वगळायचे, पुन्हा रेंडर करायचं, पंधरा मिनिटांचं काम. तोच बास मेमरी नसलेल्या ॲनालॉग यंत्रावर वाजवून रेकॉर्ड केला असेल, तर सगळे नॉब त्याच जागी आणायचे आणि पुन्हा वाजवायचं. फोटो काढून ठेवला असेल तर निदान जवळपास पोचता. १९७० च्या मिनीमूग सिंथला मेमरी नव्हतीच. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पॅच साठवायची सोय आली हे तेव्हा किती मोठं वाटलं असेल ते अशा वेळी समजतं.

सॉफ्टवेअरही कायमचं परत उघडतं असं समजू नका. २०१९ साली मॅकओएस कॅटालिना आलं आणि ३२ बिटचे सगळे प्लगइन एका अपडेटमध्ये मेले. म्हणून काम संपलं की प्रत्येक ट्रॅक २४ बिट वेव्ह फाइल करून ठेवा. सगळ्या फाइल पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या, नावातच टेम्पो आणि पट्टी. प्रोजेक्ट उघडला नाही तरी गाणं हातात राहतं.

आणि जिथे परत उघडायचं काही नसतं, वाजलं ते वाजलं, तिथे हार्डवेअर जिंकतं. एका हाताने फिल्टर उघडत दुसऱ्याने डिले वाढवणं माऊसने होत नाही. मिडी कंट्रोलरच्या नॉबने होतं, पण कोणता नॉब कशाला जोडलाय ते दर पॅचला आठवावं लागतं. चांगल्या सिंथवर हात बघत नाही, हाताला माहीत असतं.

एक पॅच जवळून बघू, म्हणजे दोन्हीकडचं गणित कळेल. मींड घेणारा लीड, फिलर वाजवायला. सर्ज एक्सटी हा सिंथ मोफत आणि ओपन सोर्स आहे. इनिट (कोरा) पॅच उघडा, ऑसिलेटर क्लासिक, लहर सॉ. प्ले मोड पॉली असतो तो मोनो एसटी+एफपी करा. इथे मोनो म्हणजे एका वेळी एकच स्वर. यातल्या एसटीचा अर्थ असा की स्वर जोडून वाजवले तर एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही. एफपीचा अर्थ असा की बोटं एकमेकांवर चढली तरच घसरण होते. पोर्टामेंटो, म्हणजे घसरणीचा वेळ, ७० ते ९० मिलिसेकंद. फिल्टर लो-पास २४ डेसिबल, कटऑफ साधारण १.२ किलोहर्ट्झ, रेझोनन्स २० टक्क्यांच्या आत, कीट्रॅक निम्मा, म्हणजे वरचे स्वर दबणार नाहीत. ॲम्प एन्व्हलपचा अटॅक ८ मिलिसेकंद, रिलीज १२०. एलएफओ ५.५ हर्ट्झ, पिचवर, खोली १५ सेंटच्या आसपास (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट), आणि ती मॉडव्हीलला, म्हणजे पिच बेंडशेजारच्या चाकाला, बांधा. सतत थरथरणारा लीड लवकर कंटाळवाणा होतो.

यात चुकतं ते पुढे. बोटं तुटक पडली तर मींड येत नाही, आणि वादक म्हणतो पॅच बिघडला. उलट घसरण कायम चालू ठेवली तर प्रत्येक स्वर झिंगल्यासारखा येतो. पोर्टामेंटोवर राईट क्लिक केलं की कॉन्स्टंट रेट सापडतो. तो चालू असेल तर सा ते रे पटकन, सा ते पंचम सावकाश. द्रुत जागेला हे नको. पिच बेंडची रेंज कीबोर्डवर आणि सिंथमध्ये वेगळी पडली की अख्खं गाणं बेसूर होतं, म्हणून दोन्हीकडे २ ठेवा. सा ते मध्यम एका दमात ओढायचा म्हणून रेंज ५ केली तर अंगठ्याच्या जराशा हालचालीत श्रुती उडते. लांब मींड ग्लाइडवर घ्या, बारीक काम व्हीलवर.

हाच लीड जुन्या मिनीमूगवर वाजवायला गेलात तर वेगळीच गंमत. तिथे खालच्या स्वराला प्राधान्य आहे. खालचा स्वर दाबून ठेवून वरच्या स्वराची मुरकी मारली, तर वरचा वाजतच नाही. बोट उचलायची सवय लावावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये बहुधा शेवटच्या स्वराला प्राधान्य असतं, ते आपल्या हाताला सरळ पडतं. घसरणीचं यंत्र आणि आपलं संगीत यांची गाठ जुनी आहे, बरं का. १९८२ साली मुंबईत हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची ज्युपिटर-८ (सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि टीबी-३०३ (बास मशीन) घेऊन रागांवर अख्खा अल्बम केला, आणि ३०३ ची स्लाईड त्या कामाला नेमकी बसली.

गंधाराचं एक सांगायला हवं, कारण कोल्हापूर ही थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांची कर्मभूमी आहे आणि इथे कान तयार असलेला गायक कधीही समोर येऊ शकतो. कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. धैवत १६ सेंट उतरवावा लागतो, निषाद १२. सर्जमध्ये स्कालाची (स्वरांची अंतरं लिहिलेली) फाइल टाकली की हे होतं; पुष्कळ भारतीय कीबोर्डांतही स्केल ट्यून नावाची सोय असते, प्रत्येक स्वर सेंटमध्ये हलवायची. चूक होते ती षड्जाची. फाइल सा म्हणजे पांढरी एक धरून बसते आणि गायक गातो काळी एकला. मग उतरलेला गंधार भलत्याच स्वरावर जाऊन पडतो. षड्जाची पट्टी वेगळी द्यावी लागते. आणि साथीला पेटी असेल तर हा उद्योग करूच नका. काळी एकचा सा २७७.२ हर्ट्झ धरला तर तुमचा गंधार ३४६.५ वर येईल आणि पेटीचा ३४९.२ वर. सेकंदाला जवळपास तीन कंप, दोघंही बेसूर ठरणार.

लेटन्सीबद्दल, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दल, बोलायचं तर आकडे एकदा डोक्यात ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७. त्यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचे काही मिलिसेकंद. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांची लेटन्सी ही स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवण्यासारखी. एवढी स्टेजवर रोज सोसताच. वाजवताना १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या साऊंडकार्डचा) स्वतःचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर वापरा. इंटरफेस नसेल तोवर मोफत मिळणारा एएसआयओ-फोर-ऑल चालतो, पण तो तात्पुरता. ब्लूटूथ हेडफोन लावून मात्र वाजवूच नका, तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात जातो आणि कुठलीही सेटिंग तो भरून काढत नाही. आवाज मधेच तुटत असेल तर वायफाय बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, विंडोज अपडेट थांबवा. तरी तुटला तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवून बघा, कोणता ड्रायव्हर अडवतोय ते नावासकट दिसतं.

स्टेजवर लॅपटॉप नेणार असाल तर तीन शत्रू: हम, लाईट आणि गुलाल. हमची परीक्षा सोपी आहे. चार्जर काढा. घूं बंद झाली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा एकमेकींना जोडल्या गेल्यात. डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून हम घालवणारे लोक अजून आहेत, जनरेटरवर चाललेल्या लोखंडी स्टेजवर तो शॉकचा पत्करलेला धोका आहे. अनबॅलन्स्ड केबल सहा मीटरच्या वर नेऊ नका. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, यूएसबीवर चालणारा इंटरफेसही. कीबोर्ड बंद होतो आणि जनरेटर लागल्यावर पहिल्या टोनवर उघडतो, सेव्ह न केलेले बदल गेलेले. त्याला छोटा यूपीएस लावा.

गुलाल लॅपटॉपच्या पंख्यातून आत जातो आणि हार्डवेअरच्या फेडरमध्ये (सरकत्या बटणांत) बसतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचं असेल तर उघडे फेडर चिकटपट्टीने झाका, वापरात नसलेल्या जॅकमध्ये डमी प्लग घाला. नंतर ओल्या फडक्याने पुसू नका, रंग ओला होऊन आत उतरतो. आधी मऊ ब्रश, मग रबरी हवेचा फुगा, शेवटी कोरडं कापड. आवाज करणाऱ्या नॉबला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, गंज काढायचं तेल नको. जून ते सप्टेंबर यंत्र केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करा.

हार्डवेअर घ्यायचंच ठरलं तर त्याचे स्वभाव माहीत असू द्या. मिनीलॉग चार आवाजांचा आहे, म्हणजे एका वेळी चारच स्वर वाजतात. चार स्वरांची कॉर्ड लांब रिलीजने सोडून पुढची धरली की आधीचे स्वर कापले जातात. पॅड वाजवणाऱ्याला हे फार खुपतं, बास-लीडवाल्याला जाणवतही नाही. व्हीसीओ (ॲनालॉग ऑसिलेटर) असलेलं यंत्र चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्यावं, मग ट्यून करावं. साऊंडचेकला ट्यून करून रात्रीच्या गारव्यात वाजवलं तर सरकलेलं असतं, मध्यंतराला पुन्हा बघा. अडॅप्टर बदलताना व्होल्टेजइतकंच महत्त्वाचं ते छोटं चिन्ह: मधला ध्रुव प्लस की मायनस. व्होल्टेज जुळलं पण ध्रुव उलटा लागला की बोर्ड जाऊ शकतो. रेकॉर्ड करताना पातळी शिखराला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. डीएडब्ल्यूमधून (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून) मिडी पाठवून हार्डवेअर वाजवलं तर आवाज थोडा उशिरा परत येतो. एक टकटक रेकॉर्ड करा, ग्रिडपासून किती सॅम्पल मागे पडली ते मोजा, तेवढा आकडा ऑफसेटमध्ये भरा. एकदाच करायचं काम आहे, पण न केल्यामुळे बास कायम ढोलकीच्या मागे लोंबकळतो.

६० हजारांचं मी असं करेन. रॅम १६ जीबी, आणि हार्डडिस्क असेल तर एसएसडी. सिंथ प्रोसेसर खातात, सॅम्पल लायब्ररी रॅम आणि डिस्क खाते. भक्तिगीतांत तुम्हाला सॅम्पल लायब्ररीच जास्त लागणार. दोन इनपुटांचा इंटरफेस, १५ हजारांपर्यंत. वायरचे स्टुडिओ हेडफोन. दोन डीआय बॉक्स आणि चांगल्या केबल. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं ६० डॉलरचं लायसन्स. सर्ज, व्हायटल आणि यामाहाच्या डीएक्स-७ सिंथची नक्कल करणारा डेक्स्ड, तिन्ही सॉफ्टवेअर सिंथ फुकट. क्रॅक सॉफ्टवेअर घेऊन व्हायरस ओढवून घ्यायचं कारणच उरत नाही. वेगळा मिडी कीबोर्ड नको, जुन्याच कीबोर्डची मिडी किंवा यूएसबी जोडा आणि लोकल कंट्रोल ऑफ करा. ते विसरलात तर कीबोर्डचा स्वतःचा आणि सॉफ्टवेअरचा असे दोन्ही आवाज एकदम येतील. कार्यक्रमाला लोकल परत ऑन करायला विसरू नका, नाहीतर स्टेजवर कीबोर्ड मुका. यात साधारण निम्मे पैसे उरायला हवेत. ते राहू द्या. सहा महिने सर्जवर काम करून तुमचा हात सतत एकाच बासच्या किंवा लीडच्या फिल्टरकडे जातोय असं दिसलं, तर त्या एका कामासाठी मोठ्या नॉबचा मोनो सिंथ घ्या.

तो जुना घेणार असाल तर अर्धा तास हाताळल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून वेलॉसिटी बघा. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. पिच व्हील सोडल्यावर स्वर नेमका मधे येतो का ते ट्यूनर लावून तपासा. अनेक आवाजांचा सिंथ असेल तर एकच स्वर लागोपाठ दहा-बारा वेळा वाजवा. दर चौथा ठोका वेगळा किंवा उतरलेला आला तर चारांतला एक व्हॉइस आजारी आहे. मेमरी टिकवणारी आतली बॅटरी जुन्या यंत्रांत सोल्डर केलेली असते, १९८३ च्या डीएक्स-७ सारखी. ती बदलताना सगळे पॅच पुसले जातात. तेव्हा पॅचची सिस्एक्स (मिडीतून उतरवायची) फाइल विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच खोलीत लॅपटॉपवर उतरवून घ्या. पैसे दिल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.